कुणाबरोबर, कुठल्या गाडीनं, काय घेऊन

मनोरमाबाई चौबळ, आईवडिलांच्या खालोखाल माझ्यावर कुणाचे उपकार असतील तर ते तुमचे. हे वाक्य वाचून तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असतात आणि विचारलं असतंत, "कुठले उपकार? एक सांग." म्हणून सांगायला बसलो आहे. एकाचे दोन-तीन झाले तर चालवून घ्या. आता समोर लाल पेन्सिल घेऊन कुणी बसलेलं नाही.

परवा कल्याणला शाळेच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. मी ठाण्याची माझी शाळा अर्धी सोडून आलो. टेबलावर तुमचा फोटो, फोटोला झेंडूचा हार, आणि फोटोशेजारच्या खुर्चीत शाळा समितीचे तेच सेक्रेटरी, ज्यांनी तुमचा शनिवारचा तास बंद केला होता. त्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचलं, "चौबळ बाईंच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे." मी फोटोकडे पाहिलं. फोटोतही तुमची डावी भुवई वर गेलेलीच आहे. मग हेडमास्तर उठले. त्यांनी तीच पोकळी जरा मोठी करून सांगितली. तिसऱ्या वक्त्याने तुम्हाला दीपस्तंभ म्हटलं. कल्याणला समुद्र नाही. खाडी आहे, तिच्यात रेतीच्या होड्या चालतात, आणि त्यांना अजून कुणी दीपस्तंभ लावून दिलेला नाही.

ही भाषणं तुम्हाला पाठ असणार. 'माझा आवडता सण', 'पावसाळ्यातील एक दिवस' आणि 'थोर व्यक्तीचे निधन' हे तिन्ही निबंध एकाच गाइडात असायचे. तुम्ही ते गाइड वर्गात कुणाजवळ दिसलं की चिमटीत धरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचात, मेलेलं झुरळ ठेवावं तसं. आयुष्यभर तुम्ही ज्या पुस्तकाचा राग केलात, त्याच पुस्तकातून तुम्हाला निरोप दिला गेला. मला रडू येईल असं वाटून मी धुतलेला रुमाल घेऊन गेलो होतो. तो घडी न मोडता परत आणला.

इंग्रजी आम्हाला आठवीपासून. म्हणजे मिसरूड फुटायच्या वयात 'हे मांजर आहे' असं इंग्रजीत म्हणायचं. तुम्ही ते मांजर पहिल्याच महिन्यात हाकलून दिलंत. "मांजर समोर असलं तर दिसतंच. सांगायचं कशाला?" तुमचं म्हणणं असं, की माणसाला दुसऱ्या माणसाला मनापासून दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपल्या घरी काय साजरं झालं आणि आपण पुढे काय करणार आहोत. या दोन गोष्टी ज्याला इंग्रजीत सांगता आल्या त्याला इंग्रजी आलं. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर पुस्तकं दप्तरात जायची आणि आम्ही एकेक जण उभं राहून बोलायचं.

त्या वर्षीच्या दिवाळीआधीचा शनिवार मला अजून दिसतो. तुम्ही फळ्यावर इंग्रजीत प्रश्न लिहिलात, 'या दिवाळीत तू काय करणार?' पहिल्या बाकावरचा मुलगा उठला. मी नवे कपडे घालीन, मी गोड खाईन, मी फटाके उडवीन. दुसरा उठला. नवे कपडे, गोड, फटाके. चौथ्याला तुम्ही मध्येच थांबवलंत.

"तुम्ही सगळे एकाच घरात राहता का रे?"

"नाही बाई."

"मग गोड म्हणजे काय? तुझ्या घरचं सांग."

"लाडू."

"कोण वळणार?"

"आई."

"मग तिला वाक्यात घे की. सगळा फराळ काय आभाळातून पडतो?"

मग माझी पाळी आली. मी खडवलीहून, भातशेतीच्या गावातून, येणारा एकटाच. मला वर्गात नावाने कुणी हाक मारत नसे, 'ए खडवली' म्हणत. मी उभा राहिलो आणि उभाच राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, त्यांच्याकडे दिवाळी कुठली, त्यांच्याकडे भात असतो." पोरं हसली.

त्या वेळी दुसऱ्या कुठल्याही मास्तरांनी मला खाली बसवलं असतं. तुम्ही जवळ आलात आणि विचारलंत, "काशिनाथ, तुला येत नाही, की तुला सांगायचं नाही?"

या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मला तोपर्यंत शाळेत कुणी कळू दिलं नव्हतं. मी म्हणालो, "सांगायचं नाही."

"का?"

"बोललं की होत नाही, बाई."

पोरं पुन्हा हसली. पण आमच्या घरचा तो कायदाच होता. भात खळ्यावर येऊन झोडून होईपर्यंत, यंदा एवढं पिकेल, असं कुणी तोंडातून काढायचं नाही. गाय व्यायची असली तरी तिच्यासमोर वासराचं बोलायचं नाही. कुणी काही विचारलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, "बघू." आदल्या वर्षी माझी धाकटी बहीण वेणू, जेमतेम पाच वर्षांची, वाडीभर सांगत सुटली की दिवाळीला मला नवीन परकर येणार. चार दिवसांनी अवकाळी पावसाने कापलेलं भात शेतातच भिजलं. बाबा बांधावरून परत आले ते विचारतच, "कोण बोलला होता?" वेणू भाताच्या कणगीमागे जाऊन बसली. तिला कुणी मारलं नाही. पण त्यानंतर कित्येक वर्षं ती पोर कधी 'मी करीन' असं म्हणाली नाही.

हे सगळं मी तुम्हाला तेव्हा कुठून सांगणार? मी फक्त म्हणालो, "बोललं की होत नाही." तुम्ही वर्गाकडे वळलात. तुमचा तो नाकातून येणारा 'हं' मी पहिल्यांदा ऐकला. "हसायला काय झालं? तुम्ही सगळ्यांनी शेजाऱ्याचं उत्तर सांगितलंत. याने निदान स्वतःचं लपवलं." मग मला म्हणालात, "पुढचं नको सांगूस. गेल्या दिवाळीचं सांग. होऊन गेलेलं कोण मोडणार?"

त्या दिवशी मी इंग्रजीत पहिल्यांदा बोललो. पाडव्याला आम्ही बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे उठवतो, शिंगं रंगवतो आणि संध्याकाळी पेंढ्याचा जाळ करून त्यावरून बैलांना उडी मारायला लावतो. यातलं अर्धं मला इंग्रजीत येत नव्हतं. गेरूला काय म्हणतात ते तुम्हालाही येत नव्हतं. "लाल माती म्हण आणि पुढे चल," म्हणालात. बैल जाळावरून उडतात हे वाक्य आल्यावर हसणारी पोरं गप्प झाली. फटाक्यांचं कुणाला काही वाटेनासं झालं. एकाने हळूच मराठीत विचारलं, "भाजत नाही का रे?" तुम्ही त्याला म्हणालात, "इंग्रजीत विचार." त्याने विचारलं. मी उत्तर दिलं. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

यात काय वाईट होतं, हे सेक्रेटरींना मी परवा विचारायला हवं होतं. कारण पुढच्याच वर्षी शाळा तपासायला साहेब आले, आमच्या वर्गात शिरले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, तुम्ही दिवाळी कशी साजरी करता? हेडमास्तरांनी वर्गाला आदल्या दिवशी एक उत्तर घोकून घ्यायला लावलं होतं, दिवाळी हा सणांचा राजा आहे. पाच जणांनी राजा सांगितला. सहावा मी. मी बैल सांगितले. साहेबांना ते आवडलं, त्यांनी चार प्रश्न जास्त विचारले, आणि बाहेर उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या कपाळाला आठ्या पडल्या. साहेब गेल्यावर व्हरांड्यात ते तुम्हाला म्हणाले ते मी पाण्याच्या पिंपाजवळून ऐकलं. "बाई, शाळा आहे की गुरांचा गोठा? काय छाप पडली असेल? आणि बोर्डाच्या परीक्षेला तोंडी आहे का? नाही ना? मग हा शनिवार कशासाठी?"

तुम्ही म्हणालात, "बोलण्यासाठी."

"कुणाशी बोलायचंय यांना इंग्रजीत?"

"ते त्यांना ठरवू द्या."

शनिवारचा तास दुसऱ्या आठवड्यापासून बंद झाला. त्या जागी समितीने जादा निबंधलेखन ठेवलं. गाइडातून. परवा याच गृहस्थांनी सांगितलं की बाईंनी मुलांना बोलतं केलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत एवढंही त्या लोकांना कुणी शिकवलेलं नाही, आणि ते शाळा चालवतात.

तास तुम्ही तुमच्या घरी नेलात. डोंबिवलीला, कोपरच्या वाटेवरच्या चाळीच्या ओट्यावर, रविवारी सकाळी. तेव्हा त्या बाजूला घरं थोडी होती, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका कळशी कमरेवर घेऊन थांबायच्या आणि आमचं इंग्रजी ऐकायच्या. सुरुवातीला आठ-दहा जण यायचो, नंतर तिघं उरलो, शेवटी बहुतेक रविवारी मी एकटाच. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "मनू, एका पोरासाठी तू रविवार फुकट घालवतेस." तुम्ही म्हणालात, "माझा रविवार आहे, तुमचा स्वयंपाक करपतोय."

त्या ओट्यावर तुम्ही मला पुढचं बोलायला शिकवलंत. मी सुरुवातीला चाचरायचो. एकदा धीर करून म्हणालो, मी मोठा माणूस होईन. तुम्ही असं तोंड केलंत जसं दुधात मीठ पडलं आहे. "हे काय? हे तर सगळेच होतात, काही न करता. पुढचं सांगायचं तर मला तीन गोष्टी हव्यात. कुणाबरोबर, कुठल्या गाडीनं, काय घेऊन. या नसतील तर ती नुसती वाफ." मग मी सांगितलं, पुढच्या रविवारी मी एकटाच, सकाळच्या कसारा गाडीनं कल्याण आणि तिथून डोंबिवली, पिशवीत आईने दिलेल्या काकड्या घेऊन येईन. तुम्ही म्हणालात, "हे इंग्रजी." पुढच्या रविवारी मी काकड्या घेऊन आलो. बोललेलं झालं होतं. परत जाताना गाडीत मी घाबरलो होतो आणि खूशही होतो. घरी काही सांगितलं नाही.

मॅट्रिक झालो. बाबांनी मोहन्याच्या कारखान्यातल्या मुकादमाशी आधीच बोलून ठेवलं होतं. महिना भरला की लागायचं. माझ्या मनात मुंबईचं कॉलेज होतं, पण ते मी घरात कसं उच्चारणार? मी तुम्हाला सांगितलं, तेही तुम्ही खोदून विचारल्यावर. त्या रविवारी माझ्याबरोबर तुम्ही खडवलीला आलात. स्टेशनपासून आमच्या वाडीपर्यंत नदीकाठची वाट आहे. तुम्ही चपला हातात घेतल्यात आणि अख्ख्या वाटेत एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, चिखलाचा राग आला आहे. आता वाटतं, तुम्ही काय बोलायचं ते जुळवत होतात.

बाबा अंगणात नांगराचा फाळ बसवत होते. तुम्हाला बघून उठले, धोतराला हात पुसले. आईने घोंगडी टाकली. तुम्ही बसलात आणि सरळ विचारलंत, "काशिनाथचं पुढे काय ठरवलंय?"

बाबा म्हणाले, "बघू."

"बघू म्हणजे काय हो? कारखान्यात घालायचं तर ठरलंय."

"त्ये मुकादम बोललाय. मी नाय बोललो."

"कॉलेजात का नाही?"

बाबांनी फाळावरची माती अंगठ्याने खरवडली. मग म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला हसू येल. पण मी माज्या तोंडानं बोललो का पोरगा शिकंल, आन् नाय शिकला, तर? कारखाना डोल्यांनी दिसतो. त्येचा भोंगा हितपर ऐकू येतो. कालिजाचं कोनी बगितलाय?"

तुमच्या जिभेचा फटका मला माहीत होता. मी मान खाली घालून बसलो होतो, आता बाबांचा अपमान होणार म्हणून. पण तुमचा तो 'हं' आलाच नाही. तुम्ही फार शांतपणे विचारलंत, "तुमच्या तोंडून गेलं तर मोडेल, असंच ना?"

"व्हय."

"माझ्या तोंडून गेलं तर?"

बाबांना प्रश्न कळायला वेळ लागला. "त्ये... मंग त्ये तुमच्यावर."

"ठीक. मग ऐका." आणि तुम्ही उठून उभ्या राहिलात, वर्गात आम्हाला उभं करायचात तशा. "हा मुलगा मुंबईला कॉलेजात जाईल. सकाळच्या गाडीनं जाईल, डबा घेऊन जाईल. चार वर्षांनी बी. ए. होईल. मास्तर होईल. हे मी बोलते आहे. तुम्ही नाही, त्याची आई नाही, तो नाही. मोडलं तर माझं मोडेल."

आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. बाबा तुम्हाला पोहोचवायला स्टेशनपर्यंत आले. आमच्याकडे आलेल्या कुठल्याही माणसासाठी मी त्यांना असं जाताना पाहिलं नव्हतं. मुकादमाकडे ते दुसऱ्या दिवशी गेले आणि नको म्हणून आले.

प्लॅटफॉर्मवर तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, लक्षात ठेव. नाहीतर तूही हेच डोक्यात घेऊन बसशील." मी हो म्हणालो. पण बाई, विश्वास तुमचा नव्हता, बाबांचा होता. तुम्हाला ते बोलणं म्हणजे एक युक्ती वाटली असेल. बाबांना तसं वाटलं नाही. एका परक्या बाईने आमच्या घरावरचं काहीतरी उचलून आपल्या डोक्यावर घेतलं, असं त्यांनी धरलं. त्या दिवाळीपासून दर पाडव्याला नव्या भाताचे पोहे तुमच्याकडे येत राहिले ते का, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुम्हाला वाटायचं, गुरुदक्षिणा आहे. तुम्ही मला एकदा रागावलातही, "दरवर्षी कशाला हे?" ती दक्षिणा नव्हती. बाबा दर वर्षी बघायला पाठवायचे, तुम्ही धडधाकट आहात ना.

मी बी. ए. झालो. सकाळच्या गाडीनं, डबा घेऊन. मास्तर झालो. बोललेलं सगळं झालं.

आणि मग तुमचं माझं भांडण झालं, जे आता कधी संपायचं नाही. गेल्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं, की माझ्या वर्गातल्या एका मुलीला मी विचारलं, सुटीत काय करणार, आणि ती इंग्रजीत म्हणाली, मी काश्मीरला जाणार. तिचा बाप ठाण्याच्या बाजारात पानाची गादी चालवतो. ती मुलगी कळव्याचा पूल ओलांडून कधी गेलेली नाही. मी तिला बसवलं नाही. वर्गाने तिला विचारलं, तिथे काय बघणार, तर तिने बर्फ सांगितला, होड्या सांगितल्या, सफरचंद सांगितलं.

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "म्हणजे तू तिला गाइडच दिलंस. फक्त तिच्या हातात न देता तिच्या तोंडात."

"बाई, तिने ते स्वतः रचलं."

"कुणाबरोबर जाणार ती? कुठल्या गाडीनं?"

"ते तिला माहीत नाही."

"मग ते इंग्रजी नव्हे, वाफ."

मी चिडलो. तुमच्यापुढे मी पहिल्यांदाच आवाज चढवला. म्हणालो, "ज्या घरात पुढचं बोलायलाच बंदी असते, त्या घरातल्या पोरीने एकदा वाफ सोडली तर काय बिघडलं? आधी तोंड तर उघडू दे. गाडीची वेळ मागाहून सांगेल." तुम्ही म्हणालात, "मागाहून कुणी सांगत नाही, काशिनाथ. मागाहून लोक विसरतात." मी वेणूचं उदाहरण दिलं. कणगीमागे बसलेल्या पोरीची गोष्ट मी तुम्हाला तेव्हा पहिल्यांदा सांगितली.  तुम्ही विचारलंत, "ती आता किती वर्षांची?" मी सांगितलं, चौदा, गावातली सातवी होईल आता. तुम्ही विचारलंत, "मग आठवीला कल्याणला येणार ना?" आणि माझ्या तोंडून, बाई, माझ्या तोंडून आलं, "बघू."

तुम्ही कप उचलून आत गेलात. तुमचा तो 'हं' सुद्धा आला नाही. मी परत गेलो. त्या मुलीच्या बाबतीत माझं बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं. वेणूच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं. हे तुम्हाला समोर बसून सांगायचं राहिलं.

गणपतीनंतर तुम्ही अंथरुणाला लागल्याचं कळलं. मी ते घरी सांगितलं तेव्हा बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "बाईंनी आपला सोतावर वडून घेतला." मी त्यांच्यावर ओरडलो. पदवीधर झालेल्या मुलाने बापावर ओरडावं तसाच ओरडलो. सांगितलं, की बाईंना दमा आहे, जुना आहे, डॉक्टर येतात, याच्याशी तुमच्या बोलण्या-न-बोलण्याचा काही संबंध नाही. बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "नसंल. पर त्येंच्या तोंडचा आता माज्या तोंडात घेतो. माजा मी बोलतो."

त्यावर मी तुम्हाला पत्र लिहिलं. त्याबद्दल शेवटी.

शोकसभेचं एक राहिलं. समारोपाला सेक्रेटरी पुन्हा उठले आणि म्हणाले, "बाईंच्या स्मरणार्थ शाळेत इंग्रजी संभाषणाचा वर्ग सुरू करण्याचा आमचा मानस आहे." पुन्हा टाळ्या. माझ्याने राहवलं नाही. मी मागच्या बाकावरून उठलो आणि विचारलं, "कधीपासून? कुठल्या वर्गात? कोण शिकवणार?"  सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघितलं. त्यांनी मला ओळखलं नाही. मी म्हणालो, "शनिवारी दुपारी मला वेळ असतो. ठाण्याहून येईन. आठवीची खोली चालेल. मानधन नको." ते हसले, शेजारी बसलेल्या हेडमास्तरांकडे बघितलं आणि म्हणाले, "उत्साह चांगला आहे. बघू."

माझ्या बाबांचं 'बघू' मी जन्मभर ऐकलं आहे. त्यात भीती असते, शेत असतं, भिजलेलं भात असतं. सेक्रेटरींच्या 'बघू'त काहीच नव्हतं. रिकामं भांडं वाजावं तसं ते वाजलं. त्या दिवशी मला कळलं, की तुमचा तो नाकातला 'हं' कुणासाठी राखलेला होता, आणि बाबांसमोर तो का आला नव्हता. बाई, मी तो हॉलमध्ये केला. मोठ्याने. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं. तुमच्याकडून मी जे काही शिकलो त्यातलं ते एक, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पाडवा अजून यायचा आहे. तुमच्या घरी यंदा सण नाही. काल बाबांनी विचारलं, "मंग जायाचा का?" मी म्हणालो, "जायचं."

माझी पत्रं इंग्रजीत असत आणि तुम्ही ती लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवायचात. हे शेवटचं पत्र परत आलं नाही. म्हणून ते इथे देतो, मराठीत उतरवून. चुका तशाच ठेवल्या आहेत असं समजा.

"आदरणीय बाई,

आपली प्रकृती बरी नाही असं कळलं. काळजी घ्यावी असं मी लिहिणार नाही, कारण 'कुठली काळजी, कशी' असं आपण विचाराल. त्याऐवजी पुढचं सांगतो.

दिवाळीच्या पाडव्याला मी आपल्याकडे येणार आहे. बाबांबरोबर आणि वेणूबरोबर. खडवलीहून सकाळच्या पहिल्या गाडीनं कल्याण आणि तिथून पुढच्या गाडीनं डोंबिवली. नव्या भाताचे पोहे घेऊन. आम्ही ओट्यावरच बसू, आपण उठायचं नाही.

बाबांना आपल्याला एक वाक्य सांगायचं आहे. ते इंग्रजीतच सांगायचं, असा त्यांचा हट्ट आहे. म्हणतात, बाईंनी माझ्यासमोर उभं राहून सांगितलं, मीही उभा राहूनच सांगणार. वेणू त्यांना रोज शिकवते आहे. तिला स्वतःला इंग्रजी येत नाही, मी लिहून दिलेलं ती वाचते. बाबा बैलांना पाणी पाजताना म्हणतात, बांधावर म्हणतात. काल शेजाऱ्याने विचारलं, काय पुटपुटतोस, तर म्हणाले, ठरवतोय.

उच्चार चुकले तर रागावू नये. आम्ही येण्याआधी वाक्य आपल्याला कागदावर मिळावं म्हणून इथे लिहितो. बाबांच्या तोंडचं आहे, माझं नाही.

वेणू विल गो टू कल्याण स्कूल इन जून. आय से इट.

आपला,
काशिनाथ"